पाव्हणं, काय वाचताय?

एस.टी.त मोबाइल बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो रील बघो, शेअरबाजार बघो, नाहीतर शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून घोरो, गाडीला त्याचं सोयरसुतक नसतं. पण पुस्तक उघडलं की चौकशी सुरू. पुढचा मान वळवतो, शेजारचा तिरका होतो आणि मागचा फळीवरची पिशवी नीट करायच्या निमित्तानं उठून उभा राहतो. पुण्यात हे सगळं चोरून चालतं. पुणेकर पुस्तकाचं नाव वाचतो, वाचणाऱ्याबद्दल मत बनवतो आणि ते मत घेऊन मुकाट घरी जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. नगरच्या पुढे ही चैन नाही. तिथे मत जागेवर मिळतं, मोठ्यानं मिळतं आणि वर काळजीपोटी मिळतं.

माझ्या एका बँकवाल्या मित्राची जामखेडला बदली झाली होती. "ये रे, खर्ड्याचा किल्ला दाखवतो, सौताड्याचा धबधबा दाखवतो," असं तो पावसाळ्यापासून म्हणत होता. मी दिवाळीनंतर निघालो, तोवर धबधब्याचं पाणी ओसरलं होतं आणि मित्राच्या ब्रँचचं ऑडिट लागलं होतं. मग सोबतीला तीन पुस्तकं घेतली. तिन्हींची निवड मी पूर्ण विचारानं केली होती, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

पहिलं भालचंद्र नेमाड्यांचं ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. ही कादंबरी २०१० साली आली तेव्हा आमच्या घरी हौसेनं आणली गेली आणि नावाचा उत्तरार्ध तिनं आमच्या कपाटात इमानानं पाळला. दुसरं भूषण कोरगांवकरांचं ‘संगीत बारी’, लावणी कलावंत बायकांच्या जगावरचं. जामखेडला कलाकेंद्रं आहेत, तेव्हा जाता जाता वाचावं, असा शुद्ध अभ्यासू हेतू. तिसरं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं इंग्रजी ‘जामखेड’, १९९४चं. ज्या गावाला जायचं त्या गावाच्या नावाचंच पुस्तक मिळत असेल, तर ते न नेणं हा करंटेपणा.

"तीन कशाला?" बायकोनं विचारलं.

"तिथे गेल्यावर कंटाळा आला तर?"

ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसं पुस्तकांवरून एकमेकांना ओळखायचं सोडून देतात.

वाकडेवाडीहून नगरची गाडी पकडली. ज्या रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली तो हाच, पुणे-नगर. तेव्हापासून या रस्त्यावर किती माणसांनी किती माणसांच्या मांडीवरच्या पुस्तकात डोकावलं असेल, याची नोंद महामंडळाकडे नसावी. मी खिडकी सोडून मधली सीट घेतली आणि ‘हिंदू’ उघडलं. मुखपृष्ठावरचा ‘हिंदू’ लांबून दिसतो. ‘अडगळ’ वाचायला जवळ यावं लागतं. सगळा घोटाळा या अंतरात झाला.

खिडकीशी कपाळावर टिळा लावलेला एक तरुण बसला होता. त्यानं आधी मुखपृष्ठ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जिवाभावाचा नातेवाईक भेटल्याचा आनंद पसरला.

"काका, तुम्ही खिडकीला बसा."

"अहो, नको."

"नाय नाय, बसा. आपल्या धर्माचं वाचणारी माणसं राहिलीच कुठं आता?"

मी खिडकीला बसलो. त्यानं वेफर्सचा पुडा फोडला आणि पहिल्यांदा माझ्यापुढे केला. मी एक वेफर घेतला. त्याच वेळी पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांनी आपली पिशवी माझ्या पायाजवळून उचलून मांडीवर घेतली. छातीवर निळा अशोकचक्राचा बिल्ला, खिशाला दोन पेनं, चेहरा शिक्षकाचा. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी आजवर पुष्कळ परीक्षांत नापास झालोय, पण इतक्या झटपट कधीच नाही.

वाघोली गेलं, पेरणे गेलं, कोरेगाव भीमा गेलं. तरुणाला राहवेना.

"काय लिहिलंय काका त्यात?"

"खंडेराव म्हणून एक पुरातत्त्वाचा संशोधक आहे. तो उत्खनन करतोय."

"अयोध्येला?"

"मोहेंजोदडोला. पाकिस्तानात."

तरुणाचा हात पुड्यात होता तो तिथेच थांबला. "पाकिस्तानात कशाला गेला तो?" यावर माझ्याकडे सोयीचं उत्तर नव्हतं. त्यानं पुस्तक मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. "अडगळ?" पुढची पाच मिनिटं वेफर्स त्यानं एकट्यानं खाल्ले. मात्र पलीकडच्या गृहस्थांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाले, "लेखक कोण म्हणालात?" मी सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी मला पाण्याची बाटली देऊ केली. नेमाड्यांचं ते नक्की काय बरोबर होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचंही पुस्तकाशी फारसं देणंघेणं नव्हतं. मी कुठल्या गोटातला, एवढाच निकाल हवा होता. आतलं पान दोघांपैकी कुणीच उघडलं नाही.

शिक्रापूरपर्यंत तरुणानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि जाहीर केलं, "ज्ञानपीठ मिळालंय यांना. २०१४चं." मग थोडा विचार करून पुडा पुन्हा माझ्याकडे सरकवला. सरकारमान्य अडगळ त्याला चालत होती.

मागे पडलेल्या कोरेगाव भीमावरून मला २०१९चा ऑगस्ट आठवला. एल्गार परिषदेच्या खटल्यात व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयात चालू होती. त्यांच्या घरून जप्त झालेल्या वस्तूंच्या यादीत ‘वॉर अँड पीस’ असं काहीतरी होतं आणि न्यायमूर्तींनी विचारलं, असलं पुस्तक घरात का ठेवलंत? झालं. संध्याकाळपर्यंत देशभर बोभाटा, की न्यायमूर्ती टॉलस्टॉयला आक्षेपार्ह समजतात! दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ते पुस्तक होतं विश्वजित रॉय यांनी संपादित केलेलं ‘वॉर अँड पीस इन जंगलमहाल’, आणि टॉलस्टॉयची कादंबरी अभिजात आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं खुद्द न्यायमूर्तींना भर कोर्टात सांगावं लागलं. म्हणजे पुस्तकावरून आधी आरोपीची पारख झाली आणि मग त्याच पुस्तकाच्या अर्ध्या नावावरून न्यायमूर्तींची. उच्च न्यायालयाची ही तऱ्हा, तिथे माझं प्रकरण वेफर्सवर मिटलं, हे थोडकं नव्हे.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. नगर हे तसं वाचन-लेखनाला पूर्वापार अनुकूल गाव. १९४२ ते १९४५ इथल्या भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी काँग्रेसची पुढारी मंडळी कोंडली; नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’. शेजारी बसून ‘काय लिहिताय?’ विचारणारे होते, पण तेही सगळे पुस्तकवालेच. आणि नुसतं वरवर बघून नाव ठेवायची कला या गावाला नवी नाही. शहराबाहेर डोंगरावर दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे, तीन मजली, अष्टकोनी, लांबून देखणी. अख्खा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. सलाबतखान आत कधीपासून पडून आहे, त्याला कुणी विचारत नाही.

जामखेडच्या गाडीत शेजारी एक आजी आल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला चंची, बोटाला मिसरी. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, म्हणजे तिकीट फुकट. आधार कार्ड त्यांनी कंडक्टरपुढे असं धरलं की कंडक्टरनंच त्यांना नमस्कार केला. ‘हिंदू’नं सकाळी पुरेसं दमवलं होतं, म्हणून मी पिशवीतून ‘संगीत बारी’ काढलं. कंडक्टर माझ्यापाशी आला.

"कुठं?"

"जामखेड, एक."

त्यानं मशिनची बटणं दाबता दाबता पुस्तकाचं नाव वाचलं. मग माझा चेहरा वाचला. मग परत पुस्तक.

"स्टँडवरच उतरणार, का…?"

त्या ‘का’च्या पुढचं सगळं त्यानं भुवईनं सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चौफुला, मोडनिंब, जामखेड ही नावं लावणीच्या नकाशावरची आहेत. ढोलकी-फडाचा तमाशा तंबू घेऊन जत्रेजत्रेनं हिंडतो, त्यात वग असतो, सोंगाड्या असतो. संगीत बारी एका जागी थांबते. कलाकेंद्रात निरनिराळ्या पार्ट्या मुक्कामाला असतात, आळीपाळीनं नाचतात-गातात, फर्माईश होते, वेगळी बैठकही बसते. ही माहिती मी तेव्हा कंडक्टरला दिली असती, तर ती माझ्या विरोधात पुरावा म्हणून गेली असती. मी म्हणालो, "स्टँडवर. मित्र येणार आहे घ्यायला."

"मित्र पण आहेत का," कंडक्टर म्हणाला आणि पुढे सरकला.

आजींना वाचता येत नव्हतं. पण कंडक्टरची भुवई त्यांनी बरोबर वाचली होती.

"कशाचं बुक हाये रं ते?"

"लावणी नाचणाऱ्या बायकांचं आहे, आजी."

आजींनी पदर सावरला आणि चार बोटं पलीकडे सरकल्या. बस हलत होती तशा परत तीन बोटं अलीकडे आल्या.

"घरी बायको हाये का?"

"आहे."

"तिला ठावं हाये?"

"तिनंच वाढदिवसाला दिलंय."

पुढच्या सीटवरची दोन डोकी एकदम मागे वळली. आजींनी तोंडातली मिसरी क्षणभर थांबवली. नवरा असली पुस्तकं वाचतो, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं असेल. बायको आणून देते, हे आक्रीत होतं. त्यांच्या नजरेत माझ्याविषयीचा संशय जाऊन माझ्या बायकोविषयीची कळकळ आली.

इथे मला र. धों. कर्व्यांची फार आठवण झाली. १९२७पासून १९५३पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, असले विषय आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरी कर्व्यांचं बरं. संपादकाला निदान वकील मिळतो. तोच अंक घेऊन आगगाडीच्या डब्यात बसलेल्या वाचकाची बाजू मांडायला कोण उभं राहिलं असेल?

चिचोंडी गेल्यावर आजींनी कोपरानं ढोसलं.

"मग वाच की मोठ्यानं. तोंडातल्या तोंडात काय वाचतोस? आम्हालाबी कळू दे काय लिव्हलंय त्या बायांचं."

मी आधी हळू वाचलं. मागून आवाज आला, "ऐकू येईना!" मग मोठ्यानं वाचलं. घरदार चालवणाऱ्या बाया, पोरांच्या शाळेची फी, वाजंत्र्यांशी हिशोब, गाण्याची तालीम, असा मजकूर निघाला. ज्यांना दुसरं काहीतरी निघेल अशी आशा होती ते दोघं-तिघं पंधरा मिनिटांत झोपले. आजी मात्र ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "आमच्या जत्रंला यायच्या. दिवसा हिरीवर धुणं धुवायला आमच्या संगंच असायच्या. आमच्यापरीस लुगडी सोच्छ." जरा वेळानं: "दौलतजादा करणाऱ्यांची घरची धुणी कुणी बघितली न्हाईत." हे वाक्य पुस्तकात असतं तर मी खाली रेघ मारली असती.

कंडक्टर पुढच्या दारातून परत आला तेव्हा मी एका खूप जुन्या लावणीविषयी वाचत होतो. तो खांबाला टेकून उभा राहिला. कड्याला गाडी थांबली, आजी उतरताना म्हणाल्या, "बायकोला सांग, बुक चांगलं हाये." मग कंडक्टरकडे वळून, "आन तू रं, भुवया खाली ठेव."

एवढं होऊनही मी कड्याच्या स्टँडवर निर्णय घेतला, की आता कव्हर घालायचं. गाडी भरत होती, नवी माणसं चढत होती आणि प्रत्येक वेळी आजी कुठून आणणार? खाकी कागद मिळाला नाही. म्हणून टपरीवरून पेपर घेतला आणि त्याचं मधलं मोठं पान काढून नीट कव्हर चढवलं. शाळेत शिकलेली एवढीच कला मला आजही उत्तम येते: चारही कोपरे कात्रीविना दुमडून आत, कण्याला सुरकुती नाही. कव्हर झाल्यावर पुस्तक सरळ केलं तर समोर हात जोडलेला एक नेता, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पानभर. वाढदिवसाची जाहिरात. एक कान कण्यावरून मागे गेला होता आणि मलपृष्ठावर शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे चेहरे दाटीवाटीनं उभे होते. पेपर उलटा करून घालावा म्हटलं, तर दुसऱ्या बाजूला निधन वार्ता. गाडी सुटली.

भूगोलाची एक गंमत सांगतो. नगर जिल्ह्याच्या ठाण्याहून नगर जिल्ह्यातल्याच जामखेडला या रस्त्यानं जाताना मध्ये बीड जिल्हा ओलांडावा लागतो. कडा, आष्टी बीडमध्ये. सप्टेंबर २०२२पासून आष्टीपर्यंत नगरहून रेल्वेही येते. आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालंय, कारण अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यातलं. मात्र गाडीत "नगरहून आलो" असंच म्हणतात. तर जिल्हा बदलतो, तालुका बदलतो, पण डोक्यात मतदारसंघ पक्का असतो. आणि कर्जत-जामखेड हा असा मतदारसंघ, की तिथे २०२४ची विधानसभा १,२४३ मतांनी सुटली. १,२४३! एवढ्याशा अंतरावर दोन बाजू उभ्या असताना पुस्तकाला कुणाच्या फोटोचं कव्हर घालावं, याचा विचार पंडितांनीसुद्धा दहादा करावा.

आष्टीला एक पांढऱ्या टोपीचे काका शेजारी येऊन बसले. पुस्तकाकडे बघून पाय जवळ घेतले.

"सायबांचं चरित्र का?"

"नाही, हे नुसतं कव्हर आहे."

"आसं म्हणावं लागतंय आता," ते डोळा बारीक करून म्हणाले. मग कानाशी येऊन, "आमच्या वस्तीच्या रस्त्याचं तेवढं घाला की त्यांच्या कानावर."

"अहो, माझी त्यांची ओळख नाही."

"वळख नसल्याबिगर माणूस छातीशी धरून हिंडतंय व्हय?"

मागच्या सीटवरचा एक जण आता उठून उभा राहिला होता. त्याला दुसऱ्या बाजूचं काहीतरी सांगायचं होतं. "तुमच्या सायबांनी पाण्याचं काय केलं ते विचारा आधी," तो म्हणाला. तिसरा म्हणाला, "त्यांनी न्हाय केलं तर तुमच्यानं तरी काय केलं?" मला मध्ये ठेवून जामखेडपर्यंत निवडणूक पुन्हा एकदा लढली गेली. शेवटी वैतागून मी कव्हर काढून टाकलं. ‘संगीत बारी’ हे नाव प्रकटलं आणि गाडीत क्षणभर शांतता झाली.

"बघा!" उभा असलेला म्हणाला. "फोटोच्या खाली हे आसं आसतंय."

माझ्या त्या चोख कव्हरामुळे विरोधी पक्षाला जो मुद्दा मिळाला, तो पुढल्या निवडणुकीपर्यंत पुरावा.

जामखेडच्या स्टँडवर मित्र आला नव्हता. ऑडिट. "तासभर बस कुठेतरी," असा निरोप. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगितला आणि आरोळ्यांचं ‘जामखेड’ काढलं. इंग्रजी पुस्तक, कुणाला नाव कळायचं नाही, असा माझा हिशोब. पण गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरं गावातल्या पाट्यांवर रोज दिसतात. हॉटेलवाला फडकं मारत मारत दोनदा फिरून गेला.

"सायेब, भूसंपादनाचं हाय का?"

"नाही."

"मग गावाचं नाव कशाला?"

मी पान उघडून दाखवलं. त्यात अतिसार आणि मीठ-साखरेच्या पाण्याचं काहीतरी होतं. "हे आरोळे डॉक्टरांचं आहे."

हॉटेलवाल्याचा चेहरा पालटला. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "मंग आधी सांगायचं ना! प्रकल्पावर आलाय तुम्ही. डॉक्टर ना?" आणि उत्तराची वाट न बघता आतल्या बाजूला हाक दिली, "आगं ए, डॉक्टर आलेत, गुडघ्याचं इचार!"

आता यात गावाची काही चूक नाही. आरोळे पती-पत्नी १९७० साली इथे आले. वेल्लोरला शिकलेले, जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांनी दवाखाना तर काढलाच, पण खरं काम गावागावांतल्या बायकांना हाताशी धरून केलं. गावानं निवडून दिलेल्या बाया, कित्येकींना अक्षरओळख नाही, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना बाळंतपण करायला, पोरांची वजनं घ्यायला, जुलाबात काय द्यायचं, कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे शिकवलं. निरक्षर बाई आरोग्य काय सांभाळणार, असं मोठमोठ्या शिकलेल्यांना वाटायचं. पुस्तक न वाचणाऱ्याबद्दलचा निकाल पुस्तक वाचणाऱ्यापेक्षाही लवकर लागतो. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे मिळालं, जगभरातून माणसं हे काम बघायला जामखेडला येऊ लागली. तेव्हा पाठीला पिशवी आणि हातात जाड इंग्रजी पुस्तक असलेला माणूस दिसला, की तो ‘प्रकल्पावर’ आलेला, हे या गावाचं अनुभवानं पक्कं झालेलं गणित आहे. मी त्यात बसत होतो.

आतून हॉटेलवाल्याची बायको आली आणि खुर्ची ओढून गुडघा पुढे करून बसली. मी घाईघाईनं म्हणालो, "ताई, मी डॉक्टर नाही. मी नुसता वाचतोय."

तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की गुडघ्याचं दुखणं परवडलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग त्यात गुडघ्याचं काय लिव्हलंय का बघा की."

मी अनुक्रमणिका बघितली. पाणी होतं, पिकं होती, महिला मंडळं होती, क्षयरोग होता. गुडघा सापडला नाही. "एवढं मोठं बुक आन गुडघा न्हाई!" ती म्हणाली. समीक्षकांनी या पुस्तकाबद्दल पुष्कळ लिहिलं असेल, पण ही त्रुटी त्यांच्या ध्यानात आलेली नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. डॉक्टरचे नाही घेतले म्हणावं, तर मी डॉक्टर नव्हतो. वाचणाऱ्याचे नाही घेतले म्हणावं, तर तसं त्यांनी काही दाखवलं नाही. "आरोळे डॉक्टरांचं नाव निघालं सकाळी सकाळी," एवढंच हॉटेलवाला म्हणाला. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

दुसऱ्या दिवशीही ऑडिट होतं. मित्रानं खर्ड्याच्या गाडीत बसवून दिलं. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ची: एका बाजूला निजाम, दुसऱ्या बाजूला सवाई माधवरावांच्या काळातले झाडून सगळे मराठे सरदार. सगळे एका बाजूनं लढले अशी ही शेवटची वेळ, म्हणून तिचं कौतुक. निजामानं खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि शेवटी तह केला. किल्ला भुईवरचा, तट भक्कम, आत निवांत. मी तटाच्या सावलीत दगडावर बसलो, ‘हिंदू’ काढलं आणि मधूनमधून मान वर करून भिंतीकडे बघत वाचू लागलो. माझी ही जुनी सवय आहे. मला तेव्हा कल्पना नव्हती की ओसाड किल्ल्यात पुस्तक बघून भिंत बघणं आणि भिंत बघून पुस्तक बघणं याला गावात एकच अर्थ असतो.

शेरडं घेऊन आलेला एक मेंढपाळ बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"पाव्हणं, घावलं का काय?"

"काय?"

"आता मलाच इचारा." तो जवळ आला, पानात डोकावला. "नकाशा हाय व्हय त्यात?"

"नाही हो, कादंबरी आहे. गोष्ट."

"कसली गोष्ट?"

सकाळच्या उन्हात माणसाच्या जिभेवर ताबा राहत नाही. मी म्हणालो, "एक जण उत्खनन करतो."

"म्हंजी खांदकाम," मेंढपाळ समाधानानं म्हणाला. त्याला ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं. शिट्टी मारली, कुठूनतरी दोन पोरं उगवली, त्यांतलं एक गावाकडे पळालं. पाऊण तासानं पांढऱ्या कपड्यांतले एक वजनदार गृहस्थ मोटारसायकलवरून आले. हुद्दा काय ते मी विचारलं नाही; ज्या तऱ्हेनं पोरांनी त्यांच्यासाठी दगड झटकला, त्यावरून काहीतरी असावा.

"नमस्कार. एकटेच आलात?"

"हो."

"कुदळ-फावडं?"

"नाही, पुस्तक."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. आधी वजन केलं. मग मागून उघडलं, मग मधून उघडलं, मग किंमत बघितली. "एवढ्याला गोष्ट?" ते म्हणाले आणि त्यांचा संशय दुणावला. मी पूर्ण खुलासा केला: खंडेराव, मोहेंजोदडो, वडील आजारी पडल्यावर गावी परतणं, शेतकऱ्याचं घर, ज्ञानपीठ. ते शांतपणे ऐकत होते. मेंढपाळ मात्र प्रत्येक वाक्याला "पण खांदकाम हाय" अशी आठवण देत होता.

"शेवट काय होतो?" गृहस्थांनी विचारलं.

"तिथवर पोचलो नाही अजून."

"म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही काय निघणार." हे बिनतोड होतं. त्यांनी पुस्तक काखेत मारलं. "असं करू. हे राहू द्या माझ्याकडं. मी वाचून बघतो. काही नसलं तर देतो पाठवून. तुमचा नंबर सांगा. आणि जेवण झालंय का?"

जेवण त्यांच्याच घरी झालं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, हिरवी मिरची आणि वर आग्रह. पुस्तक कोनाड्यात पंचांगाच्या शेजारी ठेवलेलं जेवताना दिसत होतं.

पुण्याला परतल्यावर बायकोनं विचारलं, "वाचून झालं का?" मी सांगितलं, माझं नाही, पण एकाचं चालू आहे. तिला वाटलं मी टाळतोय. पुढच्या आठवड्यात रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पाव्हणं, मी खर्ड्याहून. दीडशे पानं झाली."

"कसं वाटतंय?"

"खांदकाम मागंच संपलं. पठ्ठ्या गावाकडं आलाय आता." जरा थांबून म्हणाले, "बाप आजारी आहे ना त्याचा? बाप वाचतो का?"

"सांगू?"

"नको नको, सांगू नका. आमचे थोरले बंधू इथंच बसलेत, त्यांनाबी वाचायचंय. आणि तो शेरडंवाला रोज येऊन विचारतोय, घावलं का. त्याला म्हटलं, अजून साडेचारशे पानं आहेत, धीर धर."